चाळणीचं ‘चालेल’

ऑफिसात त्याला सगळे चाळणीकाका म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर. आणि त्यालाही ते मनातून आवडायचं. छप्पन्न वर्षांचा काटकुळा माणूस, चष्मा कायम कपाळावर, आणि टेबलावर चौदा मोबाइल ओळीने मांडलेले. त्यातला एक नवा असेल तर शपथ. एकाची काच तडकलेली, एकाची बॅटरी फुगलेली, एकाचं मागचं झाकण रबरबँडने धरलेलं. कंपनी मोबाइलचा ब्राउझर बनवायची, म्हणजे ज्यातून माणूस इंटरनेट उघडतो ते. दर पंधरवड्याला त्याची नवी आवृत्ती निघायची. ती आधी काही हजार हौशी लोकांच्या फोनवर जायची, तिला बीटा म्हणत. तिथे आठवडाभर कुणी बोंब मारली नाही की मग ती सगळ्यांना. पण बीटाच्याही आधी ती चाळणीच्या चौदा फोनांतून जायची, आणि त्याच्या नजरेतून काही सुटलं असं तीन वर्षांत झालं नव्हतं.

त्याआधी अठ्ठावीस वर्षं तो छापखान्यात प्रूफं वाचायचा. छापखाना बंद पडला तेव्हा बरोबरीच्या लोकांनी हातपाय गाळले, याने नाही. बायकोच्या चुलतभावाने कंपनीत शब्द टाकला, आणि मुलाखतीला गेल्यावर याने समोर ठेवलेल्या त्यांच्याच माहितीपत्रकातल्या अकरा चुका काढून दाखवल्या. फोनमधलं त्याला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. पण एकच बटण दोनशे वेळा दाबायचं आणि दोनशे-एकाव्या वेळी काय वेगळं झालं ते बघायचं, हे काम त्याच्या हाडीमासी भिनलेलं होतं. असला माणूस कंपनीला शोधून सापडला नसता, तो चालत दारात आला.

आता एक भानगड नीट ऐका, पुढचा सगळा घोळ तिच्यापायी झाला. छापखान्यात प्रूफ वाचून झालं की तळाशी एक शब्द लिहायची पद्धत होती. काहीच चूक नसेल तर ‘छापा’. फारच बट्ट्याबोळ असेल तर ‘परत दाखवा’. आणि मधलं असेल तर ‘चालेल’. म्हणजे काय, तर मी खुणा केल्यात तेवढं दुरुस्त करा आणि मग छापा, मला पुन्हा दाखवायची गरज नाही. मालकापासून झाडणाऱ्यापर्यंत हे सगळ्यांना ठाऊक. तळाला ‘चालेल’ दिसलं की खिळे जुळवणारा जुळारी आधी समासातल्या खुणा शोधायला लागायचा.

हा शब्द चाळणीने जसाच्या तसा उचलून नव्या नोकरीत आणला. कुणाला काही सांगितलं नाही. सांगावं लागतं हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. कंपनीच्या तक्त्यात निकालाचा एक रकाना होता. त्यात काहीच चूक नसेल तर तो ‘चालतंय’ लिही, नाहीतर ‘चालेल’, आणि दुरुस्त्या खालच्या शेऱ्याच्या चौकटीत. ती चौकट दाबल्याशिवाय उघडायची नाही. आजवर त्याच्या ‘चालेल’खालच्या दुरुस्त्या म्हणजे कुठे अक्षर कापलंय, कुठे रंग फिका दिसतोय, एवढ्याच. त्या झाल्या नाहीत तरी कुणाचं काही अडलं नाही. पुढच्या फेरीत तीच चूक दिसली की हा मनातल्या मनात म्हणायचा, आळशी कुठले, आणि पुन्हा लिहायचा.

त्या पंधरवड्याची आवृत्ती मात्र किरकोळ नव्हती. ब्राउझरमध्ये एखादं पान आवडलं तर ते ‘जपून ठेवा’ म्हणून बटण होतं. दाबलं की पान फोनमध्येच राहतं, इंटरनेट नसलं तरी उघडतं. ही जपलेली पानं नवी आवृत्ती एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेणार होती. चाळणीने चौदाही फोनांवर करून पाहिलं. तेरा फोनांवर सुरळीत झालं. अकरा नंबरचा फोन गच्च भरलेला, त्यात मुंगी शिरायला जागा नाही, तिथे पानं हलवताना मध्येच अडकलं. संध्याकाळचे सव्वापाच झाले होते. त्याने निकालात लिहिलं ‘चालेल’ आणि शेऱ्यात लिहिलं, ‘फोन भरलेला असेल तर जुनी पानं हलवताना अडकतं, तेवढं बघून मगच सोडा.’ मग चष्मा पुसला, डबा पिशवीत टाकला आणि घरी गेला. त्याला काय माहीत, ती चौकट कुणी उघडतच नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बीटा सुटला.

चाळणी साडेनऊला येऊन बसला. काल सांगितलेली दुरुस्ती झाली असेल, एकदा डोळ्यांखालून घालावी म्हणून त्याने अकरा नंबर हातात घेतला. त्यात त्याने चाचणीसाठी नऊ पानं जपून ठेवलेली होती. नवी आवृत्ती चढली. त्याने यादी उघडली. यादी कोरी. त्याला वाटलं आपलंच काही चुकलं. जुनी आवृत्ती चढवली, पुन्हा नऊ पानं ठेवली, पुन्हा नवी चढवली. कोरी. तिसऱ्यांदाही तेच. काय होत होतं ते आता त्याला कळलं. जागा नाही म्हणून पानं हलायची नाहीत, आणि ती हललीच आहेत असं धरून ब्राउझर जुनी जागा झाडून मोकळी करायचा. तिथून गेलेलं पान ब्रह्मदेवाच्या बापालाही परत आणता येत नाही, हे तो स्वतःच नव्या लोकांना शिकवायचा.

आणि मग त्याला एकदम आठवलं. ताई.

ताई त्याची सख्खी थोरली बहीण. पडद्यांच्या दुकानात शिलाईचं काम करायची. एकटी राहायची, कारण होतं नव्हतं ते माणूस चार वर्षांपूर्वी गेलं. एकुलती एक मुलगी, याची भाची, दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. साध्या तापाचं निमित्त झालं आणि नवव्या दिवशी संपलं सगळं. चोवीस वर्षांची पोर. तिला लिहायची हौस होती. हौशी लोकांसाठी कुणीतरी चालवलेली एक वेबसाइट होती, त्यावर ती आठवड्याला एक पान लिहायची. दवाखान्यात खुर्चीत बसल्यावर कोण कसं तोंड उघडतं, आई कशी रागावते, बसमध्ये शेजारी कोण बसलं होतं, असलं काहीबाही. एकूण एकेचाळीस पानं. ती गेल्यावर दोन वर्षांनी वेबसाइटवाल्यांनी पंधरा दिवसांची नोटीस देऊन दुकान बंद केलं. त्या पंधरा दिवसांत चाळणीने ताईच्या घरी बसून एकेचाळीसही पानं तिच्या फोनमध्ये जपून ठेवून दिली, प्रत्येक उघडतंय ना ते पाहिलं आणि म्हणाला, “घे. आता कुणी बंद करू शकत नाही.” तेव्हापासून ताईचा नेम होता. सकाळी चहा घेताना एक पान. एकेचाळीस दिवस झाले की पुन्हा पहिल्यापासून.

इथवर ठीक. पण या शहाण्याने काय केलं होतं, तर ताईचा फोन बीटाच्या यादीत घातला होता. जुना, गच्च भरलेला, हळू चालणारा फोन. असा खरा फोन चाचणीला मिळत नाही म्हणून. “तू माझी पंधरावी,” असं तिला चिडवायचा. “तू कशाला हात लावू नकोस, आपोआप होतं सगळं.” आणि पानं कागदावर छापून द्यायचं कबूल केलेलं त्यालाही दोन वर्षं होत आली होती. साधी छापली असती तर एका दुपारचं काम. पण नाही, छापखान्यात वाढलेला ना, त्याला चांगला कागद हवा, शिवलेली बांधणी हवी, कापडाचा पुठ्ठा हवा. पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी करत ते राहून गेलं. आता त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती.

त्याने ताईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग तो उठला आणि गेटवालीच्या टेबलापाशी गेला. आवृत्ती बाहेर सोडायचं काम जिच्याकडे, तिला सगळे गेटवाली म्हणत. पस्तिशीची, हुशार, तोंडाने फटकळ पण मनाने वाईट नाही.

“बीटा थांबव,” तो म्हणाला. “आत्ताच्या आत्ता. भरलेल्या फोनवर जपलेली पानं पुसली जातायत.”

तिने आधी बटण दाबलं, मग तोंड उघडलं. हे तिचं चांगलं होतं. “काका, काल तर तुम्हीच पास केलंत.”

“मी कुठे पास केलं? मी ‘चालेल’ लिहिलं.”

“मग तेच म्हणतेय मी.”

“अगं, चालेल म्हणजे दुरुस्ती करून चालेल. खाली लिहिलंय ना दुरुस्ती काय ते.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. “चालेल म्हणजे चालेल, काका. घरी मी विचारते, आज कालचंच उरलेलं चालेल का, नवरा म्हणतो चालेल. तो काय आधी दुरुस्त करून आण म्हणतो का?” बोलता बोलता तिने ती मिटलेली चौकट दाबली. शेरा उघडला. तिने वाचला. मग मागच्या पंधरवड्याचा उघडला, त्याच्या मागचा उघडला. तीन वर्षांच्या दुरुस्त्या तिथे शिस्तीत लिहिलेल्या होत्या, एकही कुणी वाचलेली नव्हती. तिचा चेहरा उतरला. “हे तुम्ही कधी बोलला का नाहीत?” ती म्हणाली. प्रूफं वाचणारा लिहितो, बोलत नाही. अठ्ठावीस वर्षं तो तसाच जगला होता.

“किती जणांना गेला?” त्याने विचारलं.

“सहा हजार दोनशेपैकी चार हजारांच्या वर. आता नवीन कुणाला जाणार नाही. पण निघालेला परत बोलावता येत नाही.”

“एका फोनचं सांगता येईल का? तिथे चढला की नाही एवढंच.”

“नावं दिसत नाहीत हो, नुसते आकडे. कुणाचा फोन आहे?”

“माझ्या ताईचा,” तो म्हणाला, आणि चार वाक्यांत त्याने तिला सांगितलं. गेटवालीने मान खाली घातली. “तुम्ही निघा,” ती म्हणाली. “फोन चार्जिंगला आणि वायफायवर असला तरच चढतो. नसेलही चढला. निघा तुम्ही.”

बस लगेच मिळाली, पण ती असली रेंगाळत चालली होती की याला वाटलं उतरून मागून ढकलावी. त्याने पडद्यांच्या दुकानात फोन लावला. मालकीणबाई म्हणाल्या, “आज आल्या नाहीत त्या. मघाशीच कळवलं, बरं नाही म्हणून.” म्हणजे ताई घरी. म्हणजे फोन घरी. आणि घरी असला की ताई तो खिडकीपाशी चार्जिंगला लावून ठेवते, तेही यानेच शिकवलेलं, बॅटरी जुनी आहे म्हणून. वायफायही यानेच बसवून दिलेलं. एवढं सगळं बहिणीसाठी प्रेमाने केलं, आणि त्यातली एकेक गोष्ट आता त्याच्या उरावर बसली होती.

त्याने निरोप लिहिला, ‘ताई फोन बंद कर. लगेच. कशालाही हात लावू नको.’ पोचल्याची खूण आली. वाचल्याची येईना. शेजारीण कोण, तिचा नंबर काय, कधी विचारून ठेवलं नव्हतं. पुढच्या बाकावर एक माणूस पाय लांब करून फोनवर काहीतरी बघत हसत होता, चाळणीला त्याचाही राग आला. नसेल चढला. ताई आजारी आहे, झोपली असेल, फोन पिशवीतच राहिला असेल. लाइट गेली असेल. तो मनातल्या मनात एकेक कारण पुढे करत होता आणि त्याचं त्यालाच ते पटत नव्हतं. चौथ्या थांब्यावर वाचल्याची खूण आली. त्याचा जीव भांड्यात पडायच्या बेतात होता. तो उत्तराची वाट बघत बसला. एक मिनिट गेलं, पाच गेली, थांबे मागे पडले. ताईने निरोप वाचला होता आणि उत्तर दिलं नव्हतं. त्याने पुन्हा फोन लावला, तो तिने कापला. चार वर्षांत तिने कधी त्याचा फोन कापला नव्हता.

लिफ्ट बंद होती. तीन जिने तो छाती फुटेस्तोवर चढला. बेल वाजवली. दार उघडायला वेळ लागला.

ताई दारात उभी होती. डोळे सुजलेले, केस न विंचरलेले. ती याच्या तोंडाकडे बघेना. आत गेली आणि मशीनपुढच्या स्टुलावर बसली. टेबलावर चहाचा कप भरलेला तसाच, वर साय धरलेली. फोन पालथा ठेवलेला.

“ताई,” तो दम खात म्हणाला, “फोन उचलत का नव्हतीस?”

“काय तोंडाने उचलू?” ती म्हणाली. “तुला कळलं ना? तुझा निरोप बघितला मी, कशाला हात लावू नको म्हणून. मला वाटलंच, तुला तिथे बसून दिसलं असणार मी काय करून ठेवलं ते.”

“काय केलंस?”

“सकाळी चहा ठेवला. फोनच्या काचेवर धूळ होती, म्हणून फडकं फिरवलं. ओलं नव्हतं रे, कोरडंच. त्यात कुठेतरी दाबलं गेलं असणार. उघडून बघते तर काही नाही. एक पान नाही. तू शंभरदा सांगितलंस, हात लावू नकोस. मी माझ्या हाताने पुसली माझी पोर.” ती ओक्साबोक्शी रडायला लागली. दोन्ही हात तिने मांडीवर उलटे टाकले होते, ते जणू तिचे नव्हतेच.

आता बघा, इथे त्याला गप्प बसता आलं असतं. कोण विचारणार होतं? ताईला बीटा म्हणजे काय हे धड माहीत नव्हतं. नुसतं म्हणायचं, जाऊ दे ताई, होतं असं, आणि ती जन्मभर स्वतःला बोल लावत बसली असती आणि हा तिचा भला भाऊ राहिला असता. त्याच्या मनात ते आलं. आलं नाही असं सांगितलं तर खोटं होईल. दोनतीन क्षण ते त्याच्या मनात तसंच होतं.

“तू नाही पुसलंस,” तो म्हणाला. “मी पुसलं.”

तिने डोळे वर केले. त्याने सगळं सांगितलं. अकरा नंबरचा फोन, शेरा, चौकट, तो शब्द. तो सांगत होता आणि ती त्याच्या ओठांकडे बघत होती.

“म्हणजे फडक्याने नाही?” तिने विचारलं.

“नाही.”

“माझ्या हातून नाही ना?”

“नाही गं ताई.”

“खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको सांगूस. माझ्या हातून नाही ना?”

“तुझी शपथ. माझ्या हातून.”

तिने इतका मोठा श्वास सोडला की याला ते बघवेना. मग ती उठली, त्याच्यासमोर आली आणि मुठी वळून त्याच्या खांद्यावर मारायला लागली. “पंधरावी, पंधरावी म्हणायचास मला,” ती म्हणत होती, “माझं एवढंच होतं रे, एवढंच तर होतं.” तो हलला नाही. तिच्या हातात जोर नव्हता. दमल्यावर ती पुन्हा स्टुलावर बसली.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

“मी रोज वाचायचे,” ताई म्हणाली, “पण पाठ नाही केलं. पाठ कशाला करायचं, हाताशीच तर होतं. आता आठवायला गेलं की नुसतं तिचं तोंड येतं डोळ्यांपुढे, शब्द येत नाहीत.” मग एकदम तिने त्याच्याकडे पाहिलं. “तुला आठवत असेल की. तू तर सगळी उघडून वाचली होतीस त्या दिवसांत. तुझं डोकं किती शाबूत आहे. सांग ना.”

त्याने एकेचाळीस पानं उघडली होती. प्रत्येक पान वरपासून खालपर्यंत डोळ्यांखालून गेलं होतं. पण तो वाचत नव्हता. तो प्रूफ तपासत होता. त्याला दुसऱ्या तऱ्हेने वाचताच येत नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत हजारो पुस्तकं त्याच्या हाताखालून गेली, त्यातल्या एकाची गोष्ट त्याला सांगता आली नसती. स्वतःच्या भाचीचं लिखाण त्याने तसंच वाचलं होतं.

“ताई, मला फक्त तिच्या चुका आठवतायत,” तो म्हणाला. आणि लाजेने त्याची मान खाली गेली.

“कसल्या चुका?”

“शुद्धलेखनाच्या. ‘तेव्हा’वर टिंब द्यायची. ‘तेंव्हा’ लिहायची.”

ताईचे ओठ हलले. “‘तेंव्हा आई मशीनवर बसली होती आणि मी तिच्या पायाशी चिंध्या वेचत होते,’” ती म्हणाली. “पहिल्याच पानात आहे ते. अजून सांग.”

“‘उशीर’मधला ‘शी’ ऱ्हस्व लिहिला होता.”

“‘मला उशिर झाला की आई ओरडत नाही, नुसती भांडी आपटते.’” ती रडता रडता हसली. मशीनच्या खणातून पडद्याच्या मापांची वही काढून तिने मागच्या पानावर ते लिहून घेतलं, चुकीसकट. “पुढे?”

“‘दूध’ ऱ्हस्व.”

“हो, हो. ‘दुध उतू गेलं की समजावं, आई माझ्या लग्नाचा विचार करतेय.’ पुढे?”

तो सांगत गेला. ‘नविन’. ‘आशिर्वाद’. ‘किंव्हा’. एका ठिकाणी ‘दवाखान्यात’मधला एक काना राहिला होता. प्रत्येक चुकीला एक वाक्य निघत होतं. एकदोनदा ताईलाही आठवेना, तेव्हा ती डोळे घट्ट मिटून बसे आणि तो श्वास रोखून बघत राही. नऊ चुका झाल्या. नऊ वाक्यं वहीत उतरली. दहावीसाठी ताई पेन धरून थांबली.

“अजून?” ती म्हणाली.

त्याने कपाळावरचा चष्मा काढला, डोळ्यांवर हात दाबून धरला. पानं त्याच्यासमोर येत होती, एकामागून एक, स्वच्छ, आणि त्यावरून नजर कुठेच न अडकता घसरत जात होती. त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा पहिल्यापासून केली.

“नाही गं ताई,” तो म्हणाला. “बाकीचं सगळं तिने बरोबर लिहिलं होतं.”